बाबांनी आणलेलं कढलं

डोंबिवलीची आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा आईने जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालायला काढली. ढिगावर सगळ्यात आधी पडलं ते फोडणीचं कढलं.

या कढल्यावर तिचा राग जुना होता. बाबा बोटीवर फिटर. लग्नानंतरच्या पहिल्या सफरीहून त्यांनी तेवढंच आणलेलं. "लोकांचे नवरे सेंट आणतात, साड्या आणतात. ह्यांनी फोडणीला भांडं आणलं!" हे आमच्याकडे येईल त्याला ऐकावं लागे. बाबा पेपरात तोंड खुपसून बसत. मुलखाचा अबोल माणूस. आता तर तेही नाहीत.

मी ते चिंच-मीठ लावून घासायला घेतलं. "मोडीत घालायच्या भांड्याचे कसले लाड?" आई म्हणाली. पण काजळी निघाली आणि मला ते कढलं वाटेना. तळ रुंद, गळा आवळलेला, काठाला चोच, लांब पितळी दांडा. फोडणीला चोच कशाला लागते? बुडाशी अरबी वळणाची अक्षरंही निघाली. फोनवर फोटो टाकून शोधलं, तर तशीच भांडी ओळीने समोर आली. तुर्की कॉफीची. कॉफीचा फेस टिकावा म्हणून गळा अरुंद.

"आई, हे कॉफीचं भांडं आहे."

ती होती तिथेच खाली बसली.

आईला माहेरी रोज कॉफी लागायची. आमच्या घरात मात्र कॉफी म्हणजे उपास, नाहीतर पाहुणे. एरवी सुनेने कॉफी मागणं म्हणजे थेर, हा आजीचा कायदा. बाबा त्यावर कधी बोलले नाहीत.

"ह्यांनी बॅग उघडली तेव्हा सासूबाई समोरच होत्या," आई म्हणाली. "त्यांनीच उचललं. म्हणाल्या, बरं झालं, फोडणीला झालं. हे गप्प. रात्री मला हळूच विचारलं, आवडलं का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पाटा-वरवंटाही आणायचात की!" ती हसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. "पुन्हा विषयच नाही काढला गं त्यांनी."

मला बाबांचा राग आला, आणि तितकीच माया दाटली.

इतक्या वर्षांच्या फोडण्यांनी आतली कल्हई पार उडाली होती. कल्याणला नेऊन ती करून आणली. कळव्याच्या भाड्याच्या घरात आईने त्यात पहिली कॉफी केली, आपल्या पद्धतीने, दूध आणि जायफळ घालून. भांड्यात दोनच लहान कप मावले. मी दुसरा उचलायला गेले, तर तिने माझा हात अडवला आणि तो बाबांच्या फोटोसमोर ठेवला.

"साखर कमी घातलीय," ती फोटोला म्हणाली. मग स्वतःचा घोट घेतला.

"आवडलं हो."