सिद्धारामचा हिरडा

धर्मापुरीच्या बाजारात शिवलिंगप्पांचं काष्ठौषधींचं दुकान आहे. सुंठ, पिंपळी, ज्येष्ठमध, वावडिंग, बेहडा असं सगळं भिंतभर लाकडी खणांत भरलेलं, आणि कुठल्या खणात काय हे आप्पांना डोळे मिटून सांगता येतं. सिद्धाराम त्यांचा एकुलता एक मुलगा. वय एकोणतीस. डी.फार्मचं एक वर्ष अंबाजोगाईत काढून परत आला, तो आलाच. तो काय करतो असं विचारलं तर गाव म्हणायचं, मोबाइलवर गेम खेळतो. गावाचं म्हणणं खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं.

‘वज्रदुर्ग’ हा लढाईचा ऑनलाइन गेम लाखो पोरं खेळतात. त्यात सिद्धारामचा हात काही फार चपळ नव्हता. समोरासमोरच्या लढाईत बारा वर्षांचं पोरही त्याला लोळवायचं. त्याचा जीव रमायचा तो लढाईच्या आधीच्या कामात. आपल्या लढवय्याला हत्यार कुठलं द्यायचं, चिलखत कुठलं, अंगठी कुठली, ताकदीचे गुण कशात किती घालायचे, या सगळ्या जुळणीला पोरं बिल्ड म्हणतात. बाकीचे कुणाची तरी गाजलेली बिल्ड बघायचे आणि तशीच्या तशी उचलायचे. सिद्धारामला त्याची शिसारी होती. दुसऱ्यानं चावून दिलेला घास कसला खायचा?

त्याची रीत दुकानातली होती, हे त्याचं त्यालाही उशिरा कळलं. सुंठ नुसती घेतली तर एक गुण, मधातून घेतली तर दुसरा, तुपातून घेतली तर तिसरा. कशाबरोबर घ्यायचं त्याला आप्पा अनुपान म्हणतात आणि सगळी मेख त्यातच आहे म्हणतात. सिद्धाराम गेममधली सर्वांनी टाकून दिलेली वस्तू उचलायचा आणि तिचं अनुपान शोधत बसायचा. दुपारी पेठ सुस्तावली की दुकानामागच्या पोत्यांच्या खोलीत, आणि रेंज गेली की जुन्या देवळाच्या पायऱ्यांवर. आठ महिने तो एका तुटक्या ढालीच्या मागे होता. ती ढाल घाव निम्मा अडवायची, पण धरणाऱ्याचंच रक्त वाहायला लावायची, म्हणून तिला कुत्रं विचारत नव्हतं. सिद्धारामनं तिला एक स्वस्तातली अंगठी जोडली, जी रक्त वाहत असलं तरच जखम भरते. मग एक जड हातोडा दिला, ज्याचा घाव मालकाचा जीव कमी होईल तसा वाढतो. चपळाईला शून्य गुण. असा लढवय्या मार खात उभा राहायचा, खातच राहायचा, आणि मग एकदाच मारायचा. सिद्धारामनं त्याचं नाव ठेवलं हिरडा, दुकानातल्या त्या फळावरून, जे चवीला तुरट म्हणून कुणाला नको असतं पण गुणाला मोठं.

ही जुळणी जमली ती भाद्रपदात, आणि त्याच आठवड्यात गेमच्या कंपनीनं स्पर्धा जाहीर केली. आजवर कुणी कुठं दाखवली नाही अशी नवी बिल्ड पाठवा. निवडलेल्या तिघांना कंपनीच्या चाचणी गटात पगाराची नोकरी. म्हणजे हेच काम, दिवसभर, आणि त्याला काम म्हणणार! सिद्धारामनं ती जाहिरात दहादा वाचली. आप्पांनी तोवर निर्वाणीचं सांगून टाकलेलं होतं, “दिवाळीपतुर काय उजेड पाडायचा तो पाड. मंग मुकाट गादीवर बसायचं.” गादी वाईट होती असं नाही. पण त्या गादीवर बसून आप्पा जे सांगतील ते तोलायचं, आणि आपल्या डोक्यातली एकही जुळणी कधी कुणाच्या कामी यायची नाही, हे त्याला नको होतं. त्यातून सुटायची वाट एकच होती, आणि ती हिरड्याच्या हातात होती.

प्रवेशिका पाठवायला व्हिडिओ हवा होता, म्हणून तो हिरड्याला घेऊन लढाईत उतरला. एका लढाईत सोबतीला अमरसिंह नावाचा खेळाडू आला. हिरड्यानं एकट्यानं तिघांना आडवं केलं तसा कानात आवाज आला, “कावून पडंना बे ह्यो? काय केलंस काय तू?”

आपल्याकडची बोली ऐकून सिद्धाराम हरखला. अमरसिंह गेवराईकडचा, तलवाड्याचा. आता पुण्यात राहून गेमचे व्हिडिओ टाकायचा, ते बघणारे हजारोंनी होते.

“भाऊ, लई भारी हाय. सांग की कसं जमवलंस.”

आणि सिद्धारामनं सांगितलं. ढाल कुठली, अंगठी कुठं मिळते, हातोडा कधी उचलायचा, गुण कुठं किती. बोलताना काही निसटलं असेल म्हणून नंतर लिहूनही पाठवलं.

वाचणाऱ्याला त्याचा राग येईल. मलाही येतो. पण त्या घराची रीत माहीत नसेल तर हा नुसता बावळटपणा वाटेल. बाकीचे वैदू आणि औषधवाले आपला नुसखा मरेपर्यंत मुठीत ठेवतात. शिवलिंगप्पांच्या दुकानात पणजोबांपासून उलटं. पैसे औषधाचे घ्यायचे, नुसखा विचारणाऱ्याला फुकट सांगायचा, आणि राखून सांगायचा नाही. राखला तर औषधाचा गुण जातो. परळीचा दुसरा दुकानदार येऊन विचारून गेला तरी आप्पा त्याला चहा पाजून सगळं सांगतात. या घरात वाढलेल्या माणसाला ‘कसं केलंस’ म्हटल्यावर गप्प बसता येत नाही. स्पर्धेची अट त्यानं दहादा वाचली होती, पण सांगताना ती त्याच्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

पाच दिवसांनी त्यानं प्रवेशिका पाठवली. सातव्या दिवशी कंपनीचं इंग्रजीत उत्तर आलं. ही बिल्ड ‘रक्तवीर’ या नावानं अमरसिंह यांच्या चॅनलवर आधीच प्रसिद्ध झालेली आहे, सबब नक्कल म्हणून बाद. मुदत संपायला दहा दिवस आहेत; स्वतःची कल्पना असल्यास जरूर पाठवा.

स्वतःची कल्पना असल्यास! सिद्धाराम पोत्यावर बसून ती ओळ बघत राहिला. मग त्यानं अमरसिंहला फोन लावला.

“भाऊ, तूच सांगितलंस की,” अमरसिंह म्हणाला. तो चिडला नव्हता, खरोखर बुचकळ्यात पडला होता. “न्हाई सांगायचं होतं तर न्हाई म्हनायचं. मी काय चोरी केली का? मला त्या स्पर्धेचं ठाऊकच न्हवतं.”

“नाव तरी घ्यायचं ना बे माझं.”

“तुझं नाव कुठं ठाऊक होतं? हिरडा हिरडा म्हनत होतास. आता नवी काढ एखादी, नाव घेऊन टाकतो.”

ही बिल्ड मूळची माझी अशा दोन ओळी कंपनीला लिहून देशील का असं सिद्धारामनं विचारलं, तेव्हा मात्र अमरसिंहनं बघतो म्हटलं, आणि मग फोन उचलणं बंद केलं.

उरले दहा दिवस. सिद्धारामनं जिवाचं रान केलं. तुटके भाले, गंजकी चिलखतं, कुणी हात न लावलेली काय काय अडगळ त्यानं उपसली. पण आठ महिन्यांचं काम दहा दिवसांत कुठून होणार? शिवाय डोकंच चालेना. दोन वस्तू जोडायला घेतल्या की मनात पहिली शंका यायची, ही आधी कुणी टाकली तर नाही? तो जुळणी सोडून लोकांचे व्हिडिओ तपासत बसायचा, आणि असाच दिवस मावळायचा. आठव्या दिवशी कंपनीनं गेममध्ये सुधारणा केली. व्हिडिओ बघून जो तो रक्तवीर घेऊन उतरू लागला होता आणि ते फारच माजले होते, त्यामुळे तुटक्या ढालीतली ताकद काढून घेतली. सिद्धारामनं हिरड्याला एकदा लढाईत नेऊन बघितलं. तो पहिल्याच माऱ्यात पडला. मुदत संपली त्या दिवशी सिद्धारामनं काहीच पाठवलं नाही.

दिवाळी तोंडावर आली. उटण्याच्या सामानाला गिऱ्हाईक लागलं होतं. सिद्धाराम खाली मान घालून नागरमोथा कुटत होता. गर्दी ओसरल्यावर आप्पा म्हणाले, “चार दिवस झाले, धड जेवंना झालास. काय झालंय?”

आजवर त्यानं आप्पांना गेमबद्दल कधी अवाक्षर सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. त्यांना कळेल असंच सांगितलं, की माझा एक नुसखा होता, आठ महिने खपून काढलेला. त्याच्यावर मला चाकरी लागणार होती. एकानं विचारला, मी सांगितला, त्यानं तो आपल्या नावावर गावभर केला. चाकरी गेली. आता तो नुसखाही चालत नाही.

आप्पांनी तागडी खाली ठेवली.

“त्यानं इचारलं व्हतं?”

“हो.”

“समदा सांगितलास? काईच राखलं न्हाईस?”

“काईच न्हाई.”

आप्पांचा चेहरा असा उजळला की सिद्धारामला बघवेना. ते आतल्या दाराकडं तोंड करून सिद्धारामच्या आईला, शांतादेवींना, हाका मारू लागले, “अगं ऐकलंस का? बाहेर ये. मी समजत व्हतो ह्याला ह्या घराचं काईच लागलं न्हाई. पोरानं पणज्याचं नाव राखलं बघ. शाब्बास रे!”

एकोणतीस वर्षांत आप्पांच्या तोंडून त्याच्यासाठी हा शब्द निघाला नव्हता. लहानपणी या एका शब्दासाठी तो खणांची नावं घोकून पाठ करायचा. आज तो मिळाला, आणि कशाबद्दल मिळाला! आप्पा, ती माझी चूक होती, मला ती परत घेता आली तर आत्ता घेईन, असं ओठांपर्यंत आलं. पण आई ओल्या हातांनी दारात येऊन उभी होती आणि हसत होती. म्हातारा बाप इतका खूश झालेला, त्याला हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

आप्पा उठले. स्वतःच्या हातानं गादीवर धुतलेली चादर अंथरली, आणि सिद्धारामच्या खांद्याला धरून त्याला बसवलं. तेवढ्यात पायरीवर गिऱ्हाईक आलं, ‘पावशेर उटणं’ म्हणालं, आणि सिद्धारामनं तागडी उचलली.