बीकॉमचं गाऱ्हाणं

त्याचं नाव मी विचारलं नाही. आरे-वारेच्या पुढे, आईच्या माहेरच्या देवळात तो लोकांच्या वतीने देवाला गाऱ्हाणी घालायचा. खांद्यावर पंचा, तळहातावर नारळ आणि देवाचं नाव घेण्याआधी खाकरायची सवय.

पायलटच्या ट्रेनिंगला निघण्याआधी आईने मला तिथे नेलं. पोरगा विमान चालवणार, हे तिने रत्नागिरीत अख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं. मी बाहेरून बीकॉमलाही प्रवेश घेतलाय, हे मात्र मी तिच्यापासूनही लपवलं होतं. माझाच माझ्यावर भरवसा नाही, असं दिसलं असतं.

"काय मागू?" म्हणत त्याने कान पुढे केला. मी कुजबुजत दोन्ही सांगितलं.

त्याने डोळे मिटले, खाकरून घेतलं आणि देऊळभर आवाज लावला, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराला विमान चालवायचं हाय, त्येला यश दे!"

"व्हय म्हाराजा!" जमलेले लोक म्हणाले.

"आनि नायच जमलं, तर त्येचं बीकॉम तरी पार पडू दे!"

लोक हसले आणि पुन्हा "व्हय म्हाराजा" म्हणाले. माझी मान वर होईना.

तो प्रसादाचं खोबरं द्यायला आला तेव्हा मी चिडून विचारलं, "ते मोठ्याने कशाला बोललात?"

"द्येवाला कानात सांगून चालत नाय, बाळा. चार मानसांनी व्हय म्हनायला लागतं."

तोवर मला बीकॉमची लाज वाटत होती. मग आठवलं, त्या चार माणसांत आई होती. विमानाला ती हळूच 'व्हय' म्हणाली होती. बीकॉमला तिचा आवाज सगळ्यांच्या वर गेला होता.