डाव्या खांद्यासाठी बोल्ट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे रायफलच्या मॅगझिनमध्ये गोळ्या भरणं. मी मॅगझिन धरलं होतं आणि बायको एकेक बारीक गोळी अंगठ्याने आत दाबत होती. नेमबाजीच्या क्लबात, लाकडी बाकावर. साडीवर तिने माझा कारखान्यातला जाड कोट चढवला होता.

"घाबरताय काय एवढे?" ती म्हणाली. "बार मी काढायचाय ना?"

मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. तिच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, पेसमेकर होता. आणि रायफल ती डाव्याच खांद्याला लावायची.

ही भानगड झाली कशी ते सांगतो. बायको जन्माची डावखुरी. लहानपणी फटके खाऊन उजव्या हाताने जेवायला शिकली. प्रसाद उजव्याने, हळदीकुंकू उजव्याने. बाकी विळी, कात्री, झाडू सगळं डाव्याने. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईने विचारलं, कुठला हात वापरता? पोराने मराठीत सांगितलं, "आई, राइट का लेफ्ट ते विचारतायत." ही ताठ बसून म्हणाली, "उजवा." म्हणून त्यांनी यंत्र दुसऱ्या बाजूला, डावीकडे बसवलं. मी कपाळावर हात मारला, तर मलाच म्हणाली, "मग काय सांगायचं होतं? परक्या बाईला सांगू, मी डावरी म्हणून?"

रायफलचं वेड खरं माझं. स्टेट कॉलेज नावाच्या गावाजवळ पोराकडे राहून मी एका कारखान्यात लेथ चालवायचो. तिथले सगळे शिकारी. त्यांच्या नादाने मी एक सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतली. ही एकदा बघायला आली, हात लावला, आणि माझ्यापेक्षा बरा नेम मारायला लागली. या देशात तिचं स्वतःचं असं तेवढंच होतं. गाडी येत नाही, नातवंडं इंग्रजीत बोलतात. ऑपरेशननंतर ते पण गेलं. खिडकीशी बसून मनगटावर बोटं ठेवायची, नाडी मोजायची. माझ्याच्याने बघवेना.

डॉक्टरीणबाईने सांगितलं, मोठ्या गोळीचा धक्का अजिबात नको, आतली तार हलेल. पॉइंट टू-टूची बारीक गोळी असेल, तर जखम भरल्यावर चालेल.

आता तीच रायफल बारीक गोळीवर कशी आणायची? लेथवरचा माझा जोडीदार, एक म्हातारा गोरा, त्याने दोन रस्ते सांगितले. एक, आतला बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा सरकता भाग, काढून बारीक गोळीचा बोल्ट घालायचा, बॅरल म्हणजे नळी तीच. दुसरा, रायफलचा वरचा अर्धा भागच बदलायचा, बॅरलसकट. दुसऱ्यात नेम चांगला, आणि वजन जास्त म्हणून धक्का आणखी कमी. माझं मन तिकडेच होतं. पण त्याच्याकडे तशी केलेली जड रायफल होती, ती हिने उचलली तर अर्ध्यावरूनच खाली ठेवली.

"मग वेगळी छोटी घेऊ," मी म्हणालो.

"घ्या की. खुळखुळा पण घ्या जोडीला."

राहिला बोल्ट. त्यातही गोम होती. काजळी उजवीकडून बाहेर उडते, ती डावखुऱ्याच्या थेट तोंडावर. जोडीदार म्हणाला, "मॅम, चष्म्याशिवाय नको." मी मराठीत सांगितलं, तर म्हणाली, "चूल फुंकत मोठी झाले मी. मला धूर शिकवतोय!" पण चष्मा घातला.

विकत घेण्याआधी त्याने स्वतःचा बोल्ट वापरून बघायला दिला. निघताना पोरगा दारात आडवा आला. "बाबा, आर यू क्रेझी? तिला काही झालं तर?"

"होईल ते मला होईल," ती म्हणाली. "बाजूला हो."

आधी मी चारदोन बार काढून बघितले. मग तिने दस्ता खांद्याला लावला. माझं लक्ष निशाणाच्या पत्र्यावर नव्हतंच, तिच्या तोंडाकडे होतं. बार झाला.

"लागलं का गं?"

"लागलं ना! पत्रा वाजलेला ऐकू नाही आला?"

सगळं मॅगझिन रिकामं केलं तिने. गालावर काजळी, आणि हसत होती. "हाच घ्या," म्हणाली.

घरी येऊन चहा घेतला. "जरा पडते," म्हणून आत गेली ती उठलीच नाही.

हॉस्पिटलात सांगितलं, यंत्र व्यवस्थित चालू होतं, डोक्यातली शीर फुटली. बंदुकीचा संबंध नाही. पोराने ऐकून घेतलं. घरी आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "धक्का किती होता ते त्या डॉक्टरांना काय माहीत? तुम्हाला तरी काय माहीत?"

मी बार काढले होते ते दुसरा कोट घालून, उजव्या खांद्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फ्युनरल होममध्ये होती, इकडे अंत्यविधीपर्यंत मयत ठेवतात तिथे. सुतकात घराबाहेर पडू नये म्हणतात. मी पडलो. तोच बोल्ट रायफलमध्ये होता. क्लबात कुणी नव्हतं, गवतावर हिव पडलेलं. कोट काढला, स्वेटर काढला, शर्ट काढला, बनियन काढलं. मॅगझिन गुडघ्यांत धरून एकट्याने भरलं. दस्ता डाव्या बाजूला लावला, तिची जखम होती तिथे, उघड्या हाडावर, आणि सगळे बार काढले.

धक्का एवढाच होता, की बाजारात जाता जाता कुणाचा खांदा लागावा.

घरी गेलो. पोरगा स्वयंपाकघरात उभा होता, गॅस बंद, हातात रिकामं पातेलं. मी शर्टची बटणं सोडली.

"बघ," मी म्हणालो. "आत्ता सगळे बार इथेच काढून आलो, उघड्या अंगावर. हात लावून बघ."