वाणातली हळद

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत संक्रांतीच्या माझ्या हळदीकुंकवाला बायका वाणासाठी यायच्या. बाकीच्या घरी प्लास्टिकचे डबे, गाळण्या. माझ्याकडे काचेच्या बाटलीत हळद, मिरी आणि सुंठ यांची मी स्वतः कुटलेली पूड. वर छापील चिठ्ठी: 'रोज अर्धा चमचा. आतली सूज जाते, कॅन्सर दूर राहतो.' मजकूर माझाच. कॉलेजात केमिस्ट्री घेतलेली, फोनवर चार व्हिडिओ पाहिलेले, तेवढ्यावर अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते. 'क्रॉनिक इन्फ्लमेशन' हा शब्द मी भाजीवाल्यालासुद्धा ऐकवला आहे.

घाटकोपरला माझ्या मोठ्या जाऊबाई राहतात. मी त्यांना वहिनी म्हणते. मालवणकडच्या, आठवीपर्यंत शिकलेल्या, आणि लग्नाआधीपासून दातांना मिश्री लावणाऱ्या. भाजलेला तंबाखूच तो. तरी 'मिश्री सोडा' असं मी त्यांना एकदाही म्हटलं नाही. मोठ्या जावेला कोण सांगणार? बाटली देणं सोपं होतं.

होळीच्या सुमाराला त्यांचा फोन आला. गालाच्या आत चट्टा उठला होता, तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं. "डॉक्टरला दाखवू काय गो?" त्यांनी विचारलं.

"कशाला वहिनी? ते आधी घाबरवतात, मग कापतात. साधी सूज आहे. माझी पूड तुपात कालवून लावा."

त्यांनी लावली. रोज, सकाळ-संध्याकाळ. मी सांगितलं म्हणून. मधूनमधून मी फोनवर चौकशी करायचे आणि त्या म्हणायच्या, "जरा कमी वाटतंय." गणपतीला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मोदकाचा घास जाईल एवढंही त्यांचं तोंड उघडत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

"झाला असेल महिना," वहिनी म्हणाल्या.

"आणि हे पिवळं काय?"

"हळद. माझ्याच मनानं लावते."

मी शेजारच्या खुर्चीवर होते, फाइल माझ्याच मांडीवर होती. महिना नाही, सहा महिने झालेत, आणि मी थांबवलं, एवढंच बोलायचं होतं. मी पर्स उघडून रुमाल शोधत बसले. वहिनींनी माझी लाज राखली आणि मी ती राखू दिली. या गोष्टीची मला आजही किळस येते.

ऑपरेशनमध्ये जबड्याचा तुकडा गेला, मग रेडिएशन झालं. लवकर आणलं असतं तर कदाचित एवढं कापावं लागलं नसतं, असं डॉक्टर माझ्या दिरांना म्हणाले. दीर बायकोवरच चिडले. मी तेव्हाही तिथेच होते.

या संक्रांतीला मी स्टीलच्या वाट्या आणल्या. तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण म्हणाली, "बाटल्या नाहीत का गं यंदा? माझे गुडघे काय झकास झाले होते!"

"चांगली हळदच मिळाली नाही," मी म्हणाले.

वहिनी सोफ्यावर बसल्या होत्या, बसलेल्या गालावर पदर धरून. त्यांनी ऐकलं.

करंडा घेऊन मी एकेकीला हळदीकुंकू लावत त्यांच्यापर्यंत आले. हळदीत बोट बुडवलं, पण हात पुढे जाईना. त्यांनी पदर सोडला, कपाळ पुढे केलं आणि जेमतेम उघडणाऱ्या तोंडानं एकेक शब्द सोडवत म्हणाल्या, "लाव गो. कपाळाक बाधूची नाय ती."

बायका हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. मीही त्यांच्याबरोबर हसले आणि हळद लावली.