तळहातावरचे ठोके

मंगळवारी दुपारी परळच्या आमच्या कॉलेजात एक प्रॅक्टिकल झालं... मी अजून त्यातच आहे.

मी झूऑलॉजी शिकवते आणि उरलेल्या वेळात काचेच्या डिशमध्ये वाढवलेल्या हृदयाच्या पेशींवर संशोधन करते. या पेशी डिशमध्येही आपल्या आपण धडधडत राहतात... बघत बसलं की माझी तंद्रीच लागते. घरी याच तंद्रीपायी दूध उतू जातं, ते वेगळं.

त्या दिवशी चिंचपोकळीची मानसी विषय बदलायचा फॉर्म घेऊन आली. तिला दिसत नाही. तिच्यासाठी मी ऑडिओ नोट्स केल्या होत्या, पुठ्ठ्यावर दोऱ्याने आकृत्या शिवल्या होत्या... आणि मायक्रोस्कोपच्या प्रॅक्टिकलमधून तिला मोठ्या मनाने सूट दिली होती.

"मॅडम, सगळ्या लाइन लावून बघतात नि मी आपली स्टुलावर बसून. त्यापेक्षा आर्ट्सला जाते. सही द्या ना, आज लास्ट डेट आहे."

मला फार लाज वाटली. म्हटलं, सही देते, पण आधी माझ्या लॅबमध्ये चल.

मी मायक्रोस्कोपला डोळे लावले, तिचा हात हातात घेतला आणि पेशी धडधडल्या की तिच्या तळहातावर बोट टेकवू लागले. टक... टक... टक. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, पंखा संथ फिरत होता... मी पार हरवले.

"मॅडम, हे पेशींचंच कशावरून? तुमच्या मनातलं पण असेल."

अगं बाई! हा तर खरा संशोधकाचा प्रश्न. आमच्या मायक्रोस्कोपमधून दोघांना एकाच वेळी बघता येतं. तिची मैत्रीण सायली दारातच उभी होती, तिला समोर बसवलं. मानसीच्या एका तळहातावर माझं बोट, दुसऱ्यावर सायलीचं.

बराच वेळ दोन्ही हात जुळले. मग मानसी म्हणाली, "सायले, आत्ता एक ठोका खाल्लास तू. मॅडमनी दिला."

"नाही गं, पेशीच थांबल्या मध्ये. आईशप्पथ!"

मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. काही ठोक्यांनंतर पेशी खरंच क्षणभर थांबत होत्या... आणि तो रिकामा ठोका मी तंद्रीत पदरचा भरत होते! कित्येक आठवडे वहीत 'लय नियमित' असं लिहिणारी विदुषी ती मीच.

मानसी खूप हसली. फॉर्मची घडी करून तिने बॅगेत टाकली.

"मला सूट नको मॅडम. पुढची डिश कधी?"



संध्याकाळी वहीचं नवं पान काढलं. 'लय नियमित नाही' असं लिहिलं आणि निरीक्षण कोणी केलं त्या रकान्यात पहिलं नाव मानसीचं घातलं, मग सायलीचं... माझं सगळ्यात खाली.