कात्री नको

राजा पार्क या आमच्या हिंदीभाषक वस्तीतल्या औषधांच्या दुकानात एक बाई माझ्यापुढे उभी होती. दुकानदाराने सवयीने गोळ्यांची पट्टी कापायला कात्री उचलताच तिने त्याचा हात अडवला. “भैया, कैंची नहीं! बंद डिब्बे दो, पक्का बिल भी.”

“अगं बाई, एवढ्या गोळ्या!” माझ्या तोंडून निघालं.

माझं मराठी ऐकून तीही मराठीतच म्हणाली, “लेकीच्या आहेत. कॅनडात सरकारी विम्यावर डॉक्टर फुकट, गोळ्या विकत. परवडत नाहीत म्हणून ती दिवसाआड खातेय. आता मीच निघालेय. समोर बसून गिळायला लावीन.”

“विमानतळावर अडवलं तर?”

“डॉक्टरची चिठ्ठी आहे, बिल आहे. डबा तेवढा अख्खा हवा.”

डबे पिशवीत मावेनात. तिने आतली लोणच्याची नवी बरणी काढून माझ्या हातात ठेवली. “घ्या हो ताई. लोणच्यावाचून तिचं काही अडत नाही.”

मी बरणी घेतली आणि डबे भरायला तिची पिशवी धरली.