लग्नाला गेलेलं संग्रहालय

वडीगोद्रीला हमरस्त्यालगत, पंक्चरच्या दुकानामागे ग्रामपंचायतीचा एक लांबट हॉल आहे. त्यावर 'कृषिजीवन संग्रहालय' असा फलक होता, आणि त्या फलकामागे भालचंद्रराव दैठणकर होते. संस्थापक, संचालक, मार्गदर्शक आणि झाडूवाले, सगळे तेच.

१९८१ साली जालना जिल्हा वेगळा झाला. अंबडच्या एका कचेरीत कारकून असलेल्या भालचंद्ररावांना वाटलं, नव्या जिल्ह्याला संग्रहालय पाहिजेच. का पाहिजे, हे त्यांना तेव्हा नीट सांगता आलं नाही आणि पुढे सतरा वर्षांतही आलं नाही. पण त्यांनी सात विश्वस्त गोळा केले, घटना लिहिली, संस्था नोंदवली. विश्वस्त वर्षातून एकदा, सभेला म्हणजे चिवड्याला, येत.

वस्तू मात्र भराभर आल्या. गावात स्लॅबची घरं उठत होती, पिठाची गिरणी आली होती. घरातलं जातं, उखळ, तिफण लोकांना टाकवत नव्हतं आणि ठेवायला जागा नव्हती. "राहू द्या तुमच्याकडं," म्हणत ते आणून टेकवत. भालचंद्ररावांनी याला दान म्हटलं, प्रत्येक वस्तूखाली सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं आणि धन्य झाले.

पहिल्याच लग्नसराईत, जातं आणून दिलेल्या गोजरबाई बैलगाडी घेऊन दारात.

"जातं नेऊन राह्यले, दादा. कडूबाच्या पोरीची हळद दळायचीये."

"मावशी, ते आता संग्रहालयात जमा आहे."

"मंग? जमा हाये म्हणून तर सापडलं. घरी असतं तर कुठं गेलं असतं कुणास ठाऊक."

यावर घटनेत एकही कलम नव्हतं. भालचंद्ररावांनी घटना दोनदा चाळली, तोवर गाडी वेशीपाशी पोचली होती. मग त्यांनी आपल्या परीने व्यवस्थापन केलं. पुठ्ठ्याचे फलक रंगवले: 'ही वस्तू लग्नाला गेली आहे. सोमवारी परत येईल.' जूनसाठी वेगळे: 'ही वस्तू पेरणीला गेली आहे.' वस्तू मात्र सोमवारी परत येत, नीट पुसून, कधी लाडू बांधलेल्या फडक्यासह.

१९९८ साली सरपंच काकासाहेबांना त्या हॉलमध्ये खताचं गोदाम दिसू लागलं. त्याच सुमारास भालचंद्ररावांनी संग्रहालयं चालवणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेकडे अनुदान मागितलं होतं.

"पुण्याची ती संस्था येऊन राह्यली ना तुमची तपासणी करायला?" ते म्हणाले. "तिनं अनुदान दिलं तर हॉल तुमचा. न्हाई दिलं तर जूनपासून खत."

तारीख भालचंद्ररावांनीच ठरवली. मे महिन्यातला रविवार, लोक मोकळे असतात म्हणून.

"पंचांग पाहिलंत का?" त्यांच्या पत्नी, नीलाबाई, म्हणाल्या.

"संग्रहालयाला कशाला मुहूर्त?"

संग्रहालयाला नव्हता, पण त्या रविवारी पंचक्रोशीत नऊ लग्नं होती. भालचंद्ररावांना हे कळलं तेव्हा शनिवारची संध्याकाळ झाली होती आणि हॉल रिकामा झाला होता.

रविवारी सकाळी निदान जातं तरी आणावं म्हणून ते लग्नघरी गेले. जात्याला हळदकुंकू लागलेलं, खुंट्याला सुपारी बांधलेली, भोवती बाया गाणं म्हणत बसलेल्या. विषय कसा काढावा, या विचारात ते उभे असतानाच गोजरबाईंनी हळकुंडांचं सूप त्यांच्या हातात दिलं.

"जरा धरा, दादा."

त्यांनी ते अर्धा तास धरलं.

पुण्याच्या संस्थेच्या सरोजिनीबाई हॉलसमोर जीपमधून उतरल्या आणि वही उघडून एकेक फलक वाचत चालल्या. लग्नाला गेली आहे. लग्नाला गेले आहे. लग्नाला गेले आहेत. शेवटच्या कोपऱ्यात एक लाकडी नांगर होता.

"एवढीच वस्तू?"

"तो मोडलाय," भालचंद्रराव म्हणाले, "म्हणून आहे."

"बाकीच्या कुठे आहेत?"

"कामावर."

बाईंनी त्या बघायला मागितल्या. मग दिवसभर दोघं मांडवामांडवातून हिंडले. बाई उखळापाशी बसल्या, जातं ओढून पाहिलं, तीन ठिकाणी जेवल्या आणि वहीत बरंच काही लिहिलं. त्या खूश होत्या की त्यांना ऊन लागलं होतं, हे त्यांच्या लाल चेहऱ्यावरून भालचंद्ररावांना ठरवता आलं नाही.

आठवड्याने दोन पाकिटं आली. पहिल्यात होतं: वस्तू जागेवर आढळल्या नाहीत, सबब अनुदान देता येत नाही. दुसऱ्यात होतं: आमच्या अकरा संग्रहालयांत लोक फिरकत नाहीत, सबब आपण व्यवस्थापनाचे सल्लागार म्हणून यावे. सही दोन्हीवर तीच. भालचंद्ररावांनी पत्रं या क्रमाने वाचली, त्या क्रमाने वाचली. काही फरक पडला नाही.

"नापास करून मास्तर केलं तुम्हाला," नीलाबाई म्हणाल्या आणि बॅग शोधायला गेल्या.

माणूस सरळ, म्हणून पहिलं पत्र त्यांनी स्वतःच पंचायतीत नेऊन दिलं. काकासाहेबांनी भोंग्यावरून पुकारलं, ज्याने त्याने आपली वस्तू घरी न्यावी. दुसऱ्या दिवशी हॉलसमोर गर्दी जमली, पण एकही बैलगाडी नव्हती.

"घरी कुठं ठेवू जातं?" गोजरबाई काकासाहेबांना म्हणाल्या. "तुझ्या टेबलावर?"

काकासाहेब काही बोलणार, तोच त्यांच्या घरच्या द्वारकाबाई पुढे आल्या.

"आपलं उखळ घरात आणायचं न्हाई. फरशी नवीन हाये. अन् भाचीच्या लग्नाला लागलं तर खताच्या पोत्याखालून काढू का?"

काकासाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. खत त्यांच्याच गोठ्यात गेलं.

हॉल वाचला. अनुदान नसताना कसा वाचला, आणि आपण यात नक्की काय केलं, हे भालचंद्ररावांना उमगलं नाही. अकरा संग्रहालयांना सांगायचं काय, म्हणून त्यांनी भाषण लिहायला घेतलं. 'सन्माननीय संचालकहो' याच्या पुढे ते सरकेना. शेवटी कोरा कागद खिशात घालून ते एसटीच्या थांब्यावर गेले. जाण्याआधी मात्र सवयीने हॉलच्या दाराला एक पुठ्ठा लावला:

'संचालक सल्ला द्यायला गेले आहेत. सोमवारी परत येतील. चावी गोजरबाईंकडे.'